एक सेल, एक बल्ब, एक वायर: मुलांना विजेची ओळख करून देताना

पहिल्या दिवशी मुलांच्या हातात तीनच वस्तू द्या: एक सेल, टॉर्चमधला छोटा तारेचा बल्ब आणि वीतभर वायर. होल्डर नको, स्विच नको, दुसरी वायर तर मुळीच नको. ‘बल्ब पेटवून दाखवा’ एवढंच सांगा आणि हात मागे बांधून उभे राहा.

काम सोपं वाटत असेल तर आधी स्वतः करून बघा. विजेचा धडा शाळेत पाठ केलेली मोठी माणसंही इथे अडखळताना मी पाहिली आहेत. बहुतेक जण वायरचं एक टोक सेलच्या टोपीला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट बघतात. मनात चित्र असतं नळाचं: सेलमधून वीज निघाली, वायरमधून वाहत गेली, बल्बात पोचली, संपली. बल्ब काही पेटत नाही. हे चित्र मोडणं हेच पहिल्या तासाचं काम, आणि ते आपण सांगून मोडत नाही. न पेटणारा बल्बच ते मोडतो.

मी स्वतः सुरुवात अगदी उलटी केली होती. फळ्यावर व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्सचा त्रिकोण काढला, सूत्र लिहिलं, दोन गणितं सोडवून घेतली. तास संपताना एका मुलीने विचारलं, ‘‘पण सर, यात बल्ब कुठे आहे?’’ त्यानंतर सूत्र चौथ्या तासापर्यंत पुढे ढकललं, ते कायमचं.

खाली दिलेला क्रम साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. आठ-दहा मुलं, दोघादोघांच्या जोड्या, दर खेपेला तास-दीड तास. शिकवणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नसली तरी चालेल. प्रत्येक जोडणी आदल्या दिवशी स्वतः करून बघायची तयारी मात्र हवी.

सामान, आणि आधी दोन गोष्टी ठाम

सुरुवातीला दीड व्होल्टचे साधे झिंक-कार्बन सेल घ्या. अल्कलाइन सेल जास्त टिकतात हे खरं, पण मुलं सेल शॉर्ट करणारच, म्हणजे त्याची दोन्ही टोकं वायरने थेट जोडणारच, आणि तेव्हा साधा सेल कमी करंट देतो, कमी तापतो. बल्ब दीड किंवा अडीच व्होल्टचे, सगळे एकाच प्रकारचे. तारेचे असे बल्ब आता दुर्मीळ होत चाललेत, तरी शोधून आणा. पहिल्याच दिवशी एलईडी दिला तर तो न पेटण्याची तीन कारणं असू शकतात: वाट पूर्ण झाली नाही, पाय उलटे लागले, किंवा एका सेलचे दीड व्होल्ट त्याला पुरले नाहीत. तारेच्या बल्बाला दिशा नसते आणि दीड व्होल्टवर तो मंद का होईना, पेटतो. त्यामुळे न पेटण्याचं कारण एकच उरतं.

पुढच्या तासांसाठी: दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या वायरी, सेल होल्डर, एक साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा), ब्रेडबोर्ड (भोकांत पाय खोचून जोडण्या करायचा बोर्ड), लाल एलईडी, करंट अडवणारे काही रेझिस्टर (४७० ओहम, १, १० आणि १०० किलोओहम), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एलडीआर (उजेडानुसार ज्याचा रोध बदलतो असा रेझिस्टर) आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. सोल्डरिंग गन आणू नका. तापलेलं टोक तीनशे अंशांच्या वर असतं, आणि ज्या मुलाला अजून सर्किट सुचत नाही त्याला ते पक्कं चिकटवायची घाई कशाला?

आता ठाम गोष्टी. पहिली: भिंतीतल्या सॉकेटला या तासात जागा नाही. ते ११० व्होल्ट असो की २३०, जीव घ्यायला पुरेसं आहे. ‘आपण सेलवर जे करतो ते भिंतीवर करायचं नाही’ हे वाक्य मुलांकडून वदवून घ्या, कारण सेलला हात लावून काही होत नाही हे कळल्यावर त्यांची भीती जाते, आणि नको तिथलीही जाते. दुसरी: मोबाइल किंवा पॉवर बँकमधले लिथियम सेल वापरायचे नाहीत. ते शॉर्ट झाले तर पेट घेऊ शकतात. लहान भावंडं आसपास असतील तर बटणासारखे चपटे सेलही कुलपात ठेवा. मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं.

पहिली पायरी: वाट पूर्ण करा

तीन वस्तू दिल्या, आता गप्प राहणं आपल्या वाट्याला. हे सगळ्यांत अवघड. मुलं बल्ब सेलवर उभा धरतील, आडवा धरतील, वायर बल्बाला गुंडाळतील. कुणी वायरची दोन्ही टोकं सेलच्या दोन्ही टोकांना लावेल आणि थोड्या वेळाने ‘गरम झाली!’ म्हणून सोडून देईल. त्या जोडणीला तिथेच नाव द्या: हा शॉर्ट. बल्बाला वगळून वीज आखूड रस्त्याने गेली. पाठ्यपुस्तकातलं लघुपरिपथन म्हणजे हेच, चटका बसल्यावर व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दहा-बारा मिनिटांत कुणाचा तरी बल्ब पेटतोच. ‘‘अगं, खाली नको, कडेला लाव, कडेला!’’ असा आवाज आला की समजायचं, काम झालं. बल्बाचं बूड सेलच्या टोपीवर टेकलेलं, वायर सेलच्या तळापासून निघून बल्बाच्या पितळी कडेला लागलेली. अशा चार जोडण्या शक्य आहेत. चारही शोधायला लावा आणि वहीत चित्र काढायला सांगा. न पेटलेल्या जोडण्यांचीही चित्रं हवीत, शेजारी फुली मारून.

मग भिंग काढा. काचेतून नीट पाहिलं की बल्बाच्या आत दोन उभ्या काड्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये केसासारखी बारीक तार. या दोन काड्या खाली कुठे जातात? एक पितळी कडेला जोडलेली असते, दुसरी बुडाशी असलेल्या शिशाच्या ठिपक्याला. ठिपका आणि कड यांच्यामध्ये काळ्या किंवा काचेसारख्या पदार्थाचं कडं असतं, ते दोघांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. म्हणजे बल्बाला दोन दारं आहेत: एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. सेलचीही दोन. वाट सेलपासून निघून, बल्बातून जाऊन, परत सेलकडे यायला हवी. हाच परिपथ. शब्द आत्ता द्या, आधी नको.

दुसरी पायरी: कशातून जाते, कशातून नाही

ही पायरी सोपी आहे, फार ताणू नका. सेल, बल्ब आणि दोन वायरी जोडून मध्ये एक फट सोडा. फटीत पट्टी, खिळा, नाणं, खोडरबर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, कागद ठेवून बघायचं. अट एकच: ठेवण्याआधी वहीत अंदाज लिहायचा. पेन्सिलीतलं शिसं दोन्ही बाजूंनी तासून ठेवा. ते ग्रॅफाइट असतं, धातू नाही, तरी वीज जाऊ देतं; छोटा तुकडा असेल तर बल्ब क्षीण पेटतो. रंग दिलेला खिळा आणि इनॅमलचा पातळ थर असलेली तांब्याची तारही ठेवा. पेटत नाही म्हटल्यावर मुलं गोंधळतात, मग कुणीतरी सँडपेपर मागतं.

याच फटीत यू-पिन आणि पुठ्ठ्याचा तुकडा बसवून स्विच बनवा. स्विच म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट, बाकी काही नाही.

तिसरी पायरी: करंट ‘संपतो’ का?

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तास हा. मुलांच्या मनातला नळ पहिल्या दिवशी मोडलेला वाटतो, पण तो पूर्ण मोडलेला नसतो. ‘वाट पूर्ण हवी’ हे त्यांना पटलेलं असतं. ‘वाटेत बल्ब थोडी वीज खातो आणि उरलेली पुढे जाते’ हे मात्र तसंच आत बसलेलं असतं.

दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडा, म्हणजे एकसर. स्विच दाबण्याआधी मतदान घ्या: सेलच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त पेटेल, दुसरा जास्त पेटेल, की दोन्ही सारखे? हात वर करून नको, चिठ्ठीवर, नाहीतर वर्गातला एक हुशार हात वर करतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. बहुतेक चिठ्ठ्या पहिल्या बल्बाच्या बाजूने पडतात. स्विच दाबा. दोन्ही सारखे, आणि याच दोन सेलवर एकटा बल्ब पेटेल त्यापेक्षा मंद.

कधीकधी दोन बल्ब अगदी सारखे नसतात आणि एक खरोखर जास्त पेटतो. लगेच पाच जण ‘बघा, मी म्हटलं होतं’ म्हणतात. घाबरू नका, ही तर लॉटरी आहे. बल्बांच्या जागा बदला. प्रकाश जागेबरोबर राहतो की बल्बाबरोबर जातो? बल्बाबरोबर जातो. म्हणजे फरक बल्बांत आहे, सेलपासूनच्या अंतरात नाही. ही अदलाबदल मुलांना पुढे आयुष्यभर पुरते.

आता उपमा द्यायची वेळ. पाण्याच्या टाकीपेक्षा मला सायकलची साखळी बरी वाटते. पाइप कापला तर पाणी सांडत राहतं. वायर कापली तर वीज सांडत नाही, थांबते. साखळीचंही तसंच: एका ठिकाणी तुटली की सगळी थांबते. पॅडल मारलं की पूर्ण साखळी एकदम हलते, मागच्या चाकाजवळही आणि पुढेही तेवढ्याच वेगाने. चाकाशी साखळी ‘संपत’ नाही. खर्च होते ती पायांची मेहनत. सेल म्हणजे पाय, साखळी म्हणजे वायरीत आधीपासूनच असलेले इलेक्ट्रॉन, बल्ब म्हणजे चाक. ‘वीज बल्बापर्यंत किती वेगाने जाते?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही इथे मिळतं. आपल्या वायरीत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके रांगत सरकतात, तरी बल्ब लगेच पेटतो, कारण सगळे एकदम सरकतात.

नंतर तेच दोन बल्ब समांतर जोडा, दोघांचीही दोन्ही टोकं थेट सेलकडे. आता दोन्ही पूर्ण तेजाने पेटतात. एक बल्ब काढा, दुसरा चालूच राहतो. एकसर जोडणीत काढला तर दोन्ही विझतात. ‘घरातले दिवे कसे जोडले असतील?’ विचारा आणि उत्तर न देता घरी पाठवा.

एखादं मूल वाचून आलेलं असतं आणि विचारतं की इलेक्ट्रॉन तर ऋण टोकाकडून धनकडे जातात, मग पुस्तकात बाण उलटा का? खरंच उलटा आहे. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात ठरवली; इलेक्ट्रॉन जे. जे. थॉमसनला सापडला १८९७ मध्ये. तोवर सगळी पुस्तकं त्या बाणाने लिहून झाली होती. गणितं बाणाच्या कोणत्याही दिशेने बरोबर येतात, म्हणून बाण राहिला.

चौथी पायरी: मीटर आणि मग ओहम

मल्टिमीटर हातात दिला की मुलं गोल बटण फिरवत सुटतात. आधी कंटिन्युइटीचं, ‘पीं’ वाजणारं घर दाखवा. वायर आतून तुटलीय का हे त्यावर कळतं आणि आवाज येत असल्यामुळे मीटरशी गट्टी जमते. मग व्होल्टेज. नवा सेल मोजला तर दीडऐवजी १.६ च्या आसपास दिसतो, टॉर्च चालत नाही म्हणून काढलेला १.१ दाखवतो. दोन सेल एकापुढे एक ठेवले की बेरीज होते. एक सेल उलटा ठेवला तर? मोजून बघा.

करंट मोजणं नाजूक आहे. व्होल्टेज मोजताना मीटर वस्तूच्या दोन टोकांवर बाहेरून टेकवायचा. करंट मोजताना मात्र वाट तोडून मीटर त्या फटीत बसवायचा, म्हणजे करंट मीटरमधून जाईल. करंटच्या घरात ठेवलेला मीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावला तर तो शॉर्टच झाला. मी स्वतः एकदा हेच केलं. मीटर बंद पडला नाही, व्होल्टेज नीट दाखवत होता, फक्त करंट कायम शून्य. पुढचा अर्धा तास मी मुलांच्या जोडण्या तपासत होतो आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. आतला काचेचा छोटा फ्यूज उडाला होता. तेव्हापासून एक जादा फ्यूज डब्यात असतो, आणि करंट मोजून झाला की बटण आधी व्होल्टवर आणायचं हा नियम.

आता सूत्राची पाळी. १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या, पट्टे तपकिरी, काळा, लाल. त्याला आधी एक सेल लावून करंट मोजा, मग दोन, तीन, चार. सेल नवे असतील तर आकडे साधारण १.५, ३, ४.५ आणि ६ मिलिअ‍ॅम्पिअरच्या जवळपास, किंचित वर येतात. मुलं ओरडतात, ‘‘व्होल्ट आणि मिलिअ‍ॅम्पिअर सारखेच आहेत!’’ असणारच, रेझिस्टर मुद्दाम तसा निवडलाय. आता ४७० ओहमचा लावा: रोध (म्हणजे रेझिस्टन्स) निम्म्याहून थोडा कमी, करंट दुपटीहून थोडा जास्त. व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट, हे त्यांनी स्वतःच्या आकड्यांतून वाचलेलं असतं. गेऑर्ग ओहमही शाळेत शिकवायचा; त्याने हे १८२७ मध्ये पुस्तकातून मांडलं, आणि त्याच्या मागे अशाच तारा बदलून घेतलेली मोजमापं होती.

एक जादाची गंमत. अडीच व्होल्ट, ०.३ अ‍ॅम्पिअर लिहिलेल्या बल्बाचा रोध सूत्राने सव्वाआठ ओहम येतो. मीटरने थंड बल्ब मोजा: एक-दोन ओहमच दिसतात. मीटर बिघडला नाही. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कित्येक पट वाढतो. नियम रेझिस्टरला नीट लागू पडतो, तापणाऱ्या तारेला सरळसोट नाही, आणि ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

पाचवी पायरी: एलईडी, आणि त्याला लगाम

एलईडीचा लांब पाय धन, आखूड ऋण. पाय कापलेला असेल तर खालच्या गोल कडेवर एक बाजू सपाट घासल्यासारखी दिसते, ती ऋण. उलटा लावला तर तो पेटत नाही. ९ व्होल्टवर उलटा लावून ठेवू मात्र नका, बहुतेक एलईडी उलट्या दिशेने पाचेक व्होल्टच सोसतात.

तारेच्या बल्बाला किती करंट घ्यायचा ते कळतं, कारण तापला की तो स्वतःच अडवतो. एलईडीला कळत नाही. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडले की तो दार उघडतो आणि मिळेल तेवढा करंट ओढतो. ९ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर क्षणभर नारिंगी प्रकाश, एक बारीक ‘टिक’, जळका वास, खेळ खलास. मी एक एलईडी प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात ठेवून, झाकण लावून, मुद्दाम असा जाळून दाखवतो. डोळ्यांपासून लांब, आणि एकच.

म्हणून रेझिस्टर. हिशेब तोंडी करून घ्या: बॅटरीचे ९ वजा एलईडीचे २, उरले ७ व्होल्ट. ते रेझिस्टरने घ्यायचे. आपल्याला १५ मिलिअ‍ॅम्पिअर हवेत, म्हणजे ७ भागिले ०.०१५, सुमारे ४६७. जवळचा मिळणारा रेझिस्टर ४७० ओहमचा: पिवळा, जांभळा, तपकिरी. रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा की नंतर, यावर भांडण होऊ द्या. तिसऱ्या तासाचा नळ अजून कुणाच्या मनात गळतोय का, ते इथे कळतं. फरक पडत नाही, साखळी सगळीकडे सारख्याच वेगाने चालते.

निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. लाल दिसणारा एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याकने बनवला, तेजस्वी निळा यायला त्यानंतर तीस वर्षं लागली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना हे सांगितलं की ती हातातल्या निळ्या एलईडीकडे जरा आदराने बघतात.

सहावी पायरी: ब्रेडबोर्ड

भोकं दिसतात, आतल्या पट्ट्या दिसत नाहीत, म्हणून ब्रेडबोर्ड मुलांना जादूटोणा वाटतो. जुना खराब झालेला बोर्ड असेल तर मागचा चिकट कागद काढून आतल्या धातूच्या पट्ट्या दाखवा. मधल्या चराच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या ओळी आतून जोडलेल्या असतात, चराच्या पलीकडे मात्र संबंध नाही. कडेच्या लांब पट्ट्या बॅटरीसाठी. काही मोठ्या बोर्डांत या लांब पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात, आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही. कंटिन्युइटीची ‘पीं’ घेऊन मुलांनाच बोर्डाचा नकाशा काढायला लावा.

हमखास होणारी चूक: एलईडीचे दोन्ही पाय एकाच पाचाच्या ओळीत. मग वीज एलईडीला वळसा घालून पट्टीतूनच जाते. पहिल्या दिवशीचा शॉर्टच हा, फक्त आता दिसत नाही.

सातवी पायरी: बोटाने लागणारा दिवा

ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा स्विच, जो बोटाऐवजी छोट्या करंटने दाबला जातो. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला; आता एका चिपवर अब्जावधी असतात. आपल्याला एक पुरे.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (दुसऱ्या नंबरचा ट्रान्झिस्टर असेल तर क्रम उलटा असू शकतो, त्याची माहिती आधी बघून घ्या.) जोडणी अशी:

१. बॅटरीच्या धन पट्टीपासून ४७० ओहम, तिथून एलईडीचा लांब पाय.
२. एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला.
३. एमिटर ऋण पट्टीला.
४. बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोकळी वायर.
५. धन पट्टीपासून दुसरी मोकळी वायर.

दोन मोकळ्या टोकांवर एकच बोट टेकवा. एलईडी मंद पेटतो. बोट ओलं करा, जास्त पेटतो. बोटातून काही मायक्रोअ‍ॅम्पिअरच जातात, जाणवतही नाहीत, पण ट्रान्झिस्टर ते शे-दोनशे पट करून कलेक्टरच्या वाटेने सोडतो. १० किलोओहम लावलाय तो चुकून दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर बेसचं रक्षण करायला.

आता दुसरा ट्रान्झिस्टर आणा. पहिल्याचा एमिटर ऋण पट्टीवरून काढून दुसऱ्याच्या बेसला, दुसऱ्याचा एमिटर ऋण पट्टीला, दोघांचे कलेक्टर एकत्र. या जोडीला डार्लिंग्टन म्हणतात. सगळ्या मुलांना हात धरून कडं करायला लावा, पहिल्याच्या हातात एक वायर, शेवटच्याच्या हातात दुसरी. दिवा लागतो. मधल्या कुणी हात सोडला की विझतो. पहिल्या तासाला वहीत काढलेला परिपथ आता मुलं स्वतः झालेली असतात. हा खेळ फक्त ९ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि हेही पुन्हा वदवून घ्या.

दुसरा ट्रान्झिस्टर काढून एकट्यावर या. बेसचा रेझिस्टर काढा, बेस आणि धन यांच्यामध्ये १०० किलोओहम, बेस आणि ऋण यांच्यामध्ये एलडीआर लावा. उजेडात एलडीआरचा रोध काही किलोओहमच असतो, बेसला जायचा करंट तोच वळवून घेतो आणि दिवा बंद राहतो. हाताने झाकला की त्याचा रोध खूप वाढतो, करंट बेसमध्ये जातो, दिवा लागतो. खोलीतल्या उजेडातही दिवा लागलेलाच राहिला तर १०० ऐवजी २२० किलोओहम लावा. पुढे ५५५ नावाची आयसी (छोटी चिप) आहे, १९७२ पासूनची, दिवा लुकलुकवणारी. पण ट्रान्झिस्टर पचल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही.

चालत नाही तेव्हा

हे रोज होणार. आपण पुढे होऊन वायर नीट लावून देण्याचा मोह आवरा. मुलांना एकच पद्धत शिकवा: मीटर व्होल्टवर, काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून द्यायची, आणि लाल सुई धन टोकापासून वाटेने एकेक पाऊल पुढे न्यायची. बॅटरीवर ९ दिसतात? पट्टीवर? रेझिस्टरच्या अलीकडे? पलीकडे? जिथे आकडा असायला हवा आणि नाही, तिथे आणि मागच्या थांब्याच्या मध्ये दोष आहे.

एक मुलगा असाच वैतागला होता. बॅटरीवर ८.९, पट्टीच्या सुरुवातीला ८.९, रेझिस्टरच्या पायावर शून्य. ‘‘पण पट्टी तर एकच आहे ना?’’ म्हणत त्याने सुई त्याच पट्टीवर भोकाभोकाने सरकवली. मध्यावर आकडा गेला. तुटलेली पट्टी त्याने स्वतः शोधली, वायरचा आखूड तुकडा घालून जोडली, आणि मग बाकीच्या सगळ्यांच्या बोर्डांवर तेच तपासत फिरला. त्या दिवशी ठरवलेलं एलडीआरचं सर्किट राहून गेलं. राहू दिलं.

आवरताना सेल होल्डरमधून बाहेर काढा. विसरलेले सेल काही महिन्यांत गळतात आणि पांढरी-हिरवी पूड होल्डरची स्प्रिंग खाऊन टाकते. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं शेजारीशेजारी असतात, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत खिशात पडली तर ती चांगलीच तापते, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा. आणि मीटर बंद करा. दर वेळी तोच राहतो.